अंकाईवरून दिसणारं यार्ड

शनिवारी रात्री मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेले ट्रेकर पहाटे मनमाडला उतरतात, स्टेशनाबाहेर चहा घेतात आणि अंकाई-टंकाईकडे, नाहीतर हडबीच्या शेंडीकडे चालू लागतात. अंकाईच्या पडक्या दरवाजात ते तासभर रेंगाळतील, टंकाईच्या पोटातल्या जैन लेण्यात छतावरचं कोरीव कमळ मान दुखेपर्यंत पाहतील, माथ्यावर अगस्तींच्या स्थानापाशी डबा सोडतील. ज्या स्टेशनात ते उतरले, त्याच्याच आवारात एक अख्खं औद्योगिक जग उभं राहिलं, चाललं आणि त्यातलं बरंचसं नाहीसंही झालं. त्याकडे मात्र त्यांची पाठ असते. यात त्यांचा दोष नाही. पडकं म्हणजे राजाचं, आणि राजाचं म्हणजे पाहण्याजोगं, हे आपण शाळेच्या सहलीपासून शिकत आलो आहोत.

युरोपात गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक वेगळाच छंद फोफावला. बंद पडलेल्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या, ओस पडलेली इस्पितळं, वीजकेंद्रं यांत शिरायचं, फिरायचं, फोटो काढायचे. बेल्जियममधल्या शार्लरॉइच्या बंद वीजकेंद्राचा शीतक मनोरा या मंडळींत तीर्थक्षेत्रासारखा प्रसिद्ध आहे. त्यांचे अलिखित नियमही आहेत: कुलूप तोडायचं नाही, फोटोशिवाय काही उचलायचं नाही, जागेचा पत्ता गावभर करायचा नाही. आपल्याकडच्या तरुणांनाही हे फोटो आता हातातल्या फोनवर दिसतात आणि ‘आपल्याकडे असं काही नाही’ अशी हळहळ त्यांच्या तोंडी येते.

ही हळहळ मला पटत नाही. भग्न जागी पायी जाण्याची सवय महाराष्ट्राइतकी मुरलेली फार थोड्या प्रदेशांत असेल. गो. नी. दांडेकरांनी दोन-तीन पिढ्यांना गडावर मुक्काम करायला शिकवलं. टाकी कुठे, चोरवाट कुठे, कुठल्या बुरुजाचा चुना अजून शाबूत आहे, हे हौशी माणसांनी वहीत नोंदवलं आणि त्यातून दुर्गसाहित्याची एक वेगळी शाखाच उभी राहिली. डोळा आपल्याकडे तयार आहे. तो डोंगर उतरून सपाटीवर आला की मिटतो, एवढीच अडचण आहे.

सपाटीवर मनमाडला काय होतं? ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेची मुंबईहून भुसावळकडे जाणारी मुख्य लाइन इथून गेली. १८७८ मध्ये दौंडकडून आलेला फाटा तिला इथे मिळाला; १८७६-७८च्या दुष्काळात त्याच्या मातीकामावर उपाशी माणसं राबली होती. १९००च्या सुमारास निजामाच्या मुलखातून हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली आणि गावाचं नशीब ठरलं, कारण ती मीटरगेज होती. इकडचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर, तिकडचे १०००. मुंबईची गाडी औरंगाबादला जाऊ शकत नव्हती, जालन्याची गाडी मुंबईला येऊ शकत नव्हती. माणसं प्लॅटफॉर्म बदलून जात. मालाला पाय नसतात. ब्रॉडगेजच्या वाघिणीतली साखर, सिमेंट, खत, धान्य पाठीवर घेऊन मीटरगेजच्या वाघिणीत टाकायचं, आणि उलट बाजूने आलेला कापूस नि भुसार इकडे आणायचं. यालाच ट्रान्सशिपमेंट म्हणत. दोन रुळांमधल्या ६७६ मिलिमीटरच्या फरकावर शेकडो चुली पेटत होत्या. एका अर्थाने हे गाव त्या फटीतच राहत होतं.

शेजारी १९०६ साली जीआयपीने काढलेला इंजिनिअरिंग वर्कशॉप. गावात त्याला नुसतं ‘कारखाना’ म्हटलं तरी पुरतं. पुलांचे पोलादी गर्डर तिथे बनतात. तो बंद नाही, चालू आहे, हे इथेच सांगून ठेवतो. पलीकडे वाफेच्या इंजिनांची शेड, राखेचे खड्डे, इंजिनाला पाणी पाजणारे लोखंडी खांब. पाण्यासाठी हंडे घेऊन रात्र जागवणाऱ्या या गावात इंजिनं मात्र रोज पोटभर पाणी पीत, हा विरोधाभास जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. राखेच्या ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा वेचून बायका चूल पेटवत आणि उरलेला विकत. साठच्या दशकाच्या अखेरीस मुख्य लाइनवर विजेच्या तारा आल्या, नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकली गेली, आणि हे सगळं एक-दोन पिढ्यांत आटोपलं.

छंदी मंडळींच्या फोटोत भग्न कारखाना नेहमी दुःखी असतो. तुटक्या काचेतून तिरपं ऊन, गंजलेलं चाक, भिंतीवर वेल. बघणाऱ्याने हळहळायचं, एवढंच काम. पण मनमाडच्या मीटरगेजसाठी औरंगाबाद-परभणीकडे कोणी हळहळणार नाही. मनमाड-परभणी ब्रॉडगेज ही मराठवाड्याच्या विकास आंदोलनाची कळीची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. मराठवाड्याचा मागासलेपणा मोजायचा तर मनमाडच्या ट्रान्सशिपमेंटपासून सुरुवात करावी लागे: इथे अडकलेला माल, इथे वाढलेलं भाडं, इथे फुटलेली पोती. त्या रुळांचं उखडणं हा एका प्रदेशाचा विजय होता आणि त्याच दिवशी मनमाडच्या हमालाची रोजी गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीचं नेमकं उलट आहे, तिथे लोकांना ती परत हवी आहे. म्हणजे गंजलेला रूळ सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्याचा अर्थ गावागणिक बदलतो, आणि तो कॅमेऱ्यात येत नाही.

कॅमेऱ्यात न येणारी दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी मांडलं ते याच गावात. त्या भाषणातलं हे सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याला आधार म्हणून त्यांनी दिलेला तपशील फारसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असं ते म्हणाले. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि विटाळाचा प्रश्न येतो. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक किंवा फोरमनच्या जागेपर्यंत त्याला पोहोचू देत नाहीत.

आता अशा एखाद्या जुन्या शेडमध्ये कॅमेरा घेऊन उभं राहा. काळ्या दगडाची भिंत, कमानीचा दरवाजा, वर कैच्या, धुराने काळवंडलेले पत्रे. फोटो उत्तम येईल. त्या दरवाजातून आत कामाला जायची मुभा कोणाला होती आणि कोण आयुष्यभर बाहेर रुळांवर खडी ठोकत राहिला, हे भिंत सांगत नाही. किल्ल्यावर निदान बखरी, पत्रं, शिलालेख हाताशी असतात. दरवाजा कोणी बांधला, तह कुठे झाला, हे शोधता येतं. शाहजहानच्या सरदाराने १६३५ मध्ये अंकाई घेतला, हेही आपल्याला माहीत आहे. वर्कशॉपमधल्या एका शिफ्टचं तेवढंसुद्धा माहीत नाही. म्हणून नुसत्या भटकंतीचा मला भरवसा वाटत नाही. तिच्या आधी किंवा बरोबरीने माणसांची नोंद व्हायला हवी. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारांच्या तोंडून जो इतिहास गोळा केला, तो केला नसता तर १९८२च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांतून आज आपल्या हाती काय उरलं असतं? मॉलच्या अंगणात शोभेला ठेवलेली एखादी चिमणी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इथे काही ओस पडतच नाही. रेल्वेचं सामान निकामी ठरलं की त्याचा लिलाव होतो. ‘झीरो स्क्रॅप’ नावाच्या मोहिमाच असतात आणि किती कोटींचं भंगार विकलं ते अभिमानाने जाहीर केलं जातं. उरलेलं गाव पचवतं. रेल्वेच्या कुठल्याही जुन्या गावात फिरा: रुळाचा तुकडा उभा पुरून त्याला तार ओढलेलं कुंपण, गटारावर आडवा टाकलेला लोखंडी स्लीपर, दाराच्या चौकटीवर सागवानी स्लीपरची तुळई, तिच्यात बोल्टची भोकं जशीच्या तशी. मला हे भग्नावशेषापेक्षा जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. वस्तू कामात आहे. फक्त ती कुठून आली हे घरातल्या पोराला माहीत नसतं. रेल्वे स्वतः जपते ते इंजिन. रंगवून, चौथऱ्यावर चढवून, भोवती साखळी लावून. शेड मात्र पाडते. हे घोडा पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवायचा आणि तबेला मोडून विकायचा, तसं झालं.

जर्मनीच्या रूर खोऱ्याचं उदाहरण हल्ली ऊठसूट दिलं जातं, म्हणून ते नीट पाहिलं पाहिजे. एसेनची त्सोल्फेराइन कोळसाखाण डिसेंबर १९८६ मध्ये बंद झाली. ती पाडायची नाही हा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा शेवटच्या पाळीचे कामगार गावातच होते. २००१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. डुइसबुर्गची मायडरिख भट्टी १९८५ मध्ये विझली आणि तिथे सार्वजनिक बाग झाली. लोक भट्टीवर चढतात, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग शिकतात. कुंपणावरून उड्या मारणाऱ्या छांदिष्टांमुळे हे घडलं नाही. सरकारने पैसा ओतला, नगररचनाकारांनी दहा वर्षांचा कार्यक्रम आखला, कामगारांनी वाटाडे म्हणून काम केलं. आपण तिथून फक्त फोटो उचलतो.

मनमाडला कुंपणावरून उडी मारू नये, हे माझं स्पष्ट मत. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी चालू यार्ड म्हणजे किल्ला नव्हे. तिथे आवाज न करता मागून डबे येतात. जुन्या बांधकामाची खात्री कोणी द्यावी? पुणे-इंदूर महामार्गावरचा इथला ब्रिटिशकालीन ओव्हरब्रिज वाहतुकीखाली होता, तरी २०२३च्या नोव्हेंबरात त्याचा एक भाग ढासळला.

दार आतून उघडलं पाहिजे. युरोपात दर सप्टेंबरात वारसा दिन पाळतात आणि एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी खुल्या होतात. फ्रान्सने १९८४ मध्ये ही प्रथा सुरू केली. आपल्याकडे १६ एप्रिल आहे, बोरीबंदर-ठाणे या पहिल्या गाडीचा दिवस, आणि त्या निमित्ताने रेल्वे सप्ताहात बक्षीस समारंभ होतातच. त्यातला एक दिवस मनमाडचा कारखाना गावाला दाखवावा. गर्डरला रिवेट कसा मारत, वेल्डिंग आलं तेव्हा कोणाचं काम गेलं, सगळ्यात जुनी शेड कुठली, हे निवृत्त कामगारानेच सांगावं, सोबत शाळेच्या पोरांच्या हातात वही असावी. कारखाना चालू असतानाच हे करायचं. बंद पडल्यावर करायला गेलं की आधी गेटला कुलूप लागतं आणि मग जमिनीचा भाव निघतो. गिरणगावात तेच झालं.

नोंद कुठून सुरू करायची, याबद्दल माझा आग्रह आहे. कारखान्यातल्या फिटरची, शेडमधल्या ड्रायव्हर-फायरमनची सेवापुस्तिका असते, पेन्शनचा कागद असतो, युनियनच्या अहवालात कुठेतरी नाव असतं. त्याचा मुलगा बहुधा रेल्वेतच लागलेला असतो आणि वडिलांचा बिल्ला कपाटात ठेवून असतो. ट्रान्सशिपमेंटचा हमाल सहसा कंत्राटदाराचा माणूस. त्याची हजेरी मुकादमाच्या वहीत लागे, आणि ती वही रेल्वेची नव्हती. मीटरगेजच्या शेवटच्या वर्षांत जे तिशीत होते, ते आता साठी ओलांडून गेलेत. आधी त्यांच्याकडे जावं.