दानाआधी अभय

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास चंद्रपूर नगरी भाविकांनी फुलून जाते. नांदेड-परभणीपासून आलेली कुटुंबे झरपट नदीत स्नान करतात आणि आई महाकालीच्या दर्शनाला निघतात. कोणत्याही यात्रेच्या वाटेवर दिसतात तशी याचकांची रांग इथेही असते. त्यांत एखाद्याच्या हाताला बोटे नसतात. भाविक त्याच्यापुढे नाणे टाकतो, पण वरूनच टाकतो. ताटलीत आवाज झाला की पाऊल पुढे पडते. त्याच्या मनात दया नसते असे नाही. दयेच्या जोडीला भीतीही असते, आणि हात किती लांब ठेवायचा हे त्या क्षणी भीतीच ठरवते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची गणना केली आहे. तिथे पहिले नाव अभयाचे आहे. दान त्याच श्लोकात, पण नंतर येते. हा क्रम सहज ओलांडून जावा असा नाही. भ्यालेल्या मनाने केलेले दान घेणाऱ्याला पैसा देते आणि त्याच वेळी ‘तू दूर राहा’ असेही सांगते.

याची साक्ष याच जिल्ह्यातील वरोरा गावी मिळते. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, तिथे वकिली करीत असत. ते नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते आणि सफाई कामगारांसोबत त्यांनी स्वतः मैला वाहिला होता. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी ते एकटे भिडले, तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. अशा माणसाला एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरले आणि घरी पळून आले.

पळाल्याची कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली, हे विशेष. भ्यालेला माणूस बहुधा भीती कबूल करीत नाही. तो समोरच्यातच दोष शोधतो. ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे शब्द अशा वेळी फार कामी येतात. एकदा ते उच्चारले की दुःख भोगणाऱ्याच्या माथी जाते आणि पाहणारा मोकळा होतो. शास्त्राचा इतका सोयीचा उपयोग दुसरा क्वचितच होत असेल. बाबांनी ती सोय नाकारली. ते तुळशीरामकडे परत गेले आणि त्याच्या अखेरपर्यंत त्यांनी त्याची सेवा केली. नंतर कलकत्त्यास जाऊन कुष्ठोपचाराचे शिक्षण घेतले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर साधनाताईंसह आनंदवन उभे राहिले. तिथे रुग्णांनी विहीर खणली, शेती केली.

तरी आरंभी आनंदवनची भाजी वरोऱ्याचे लोक घेत नसत. रुग्णाला चार पैसे देणारे हात त्याने पिकवलेली भाजी घेताना मागे सरत होते. याचक म्हणून तो चालत होता. विक्रेता म्हणून समोर उभा राहिला की बरोबरीचा होत होता, आणि ते सोसवत नव्हते. पुढे परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनात राहिले, रुग्णांबरोबर राबले, तिथलेच जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली.

वस्तुतः या भीतीला आता आधार उरलेला नाही. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. बहुविध औषधोपचाराने, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत, रुग्ण बरा होतो, आणि सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. यात्रेच्या वाटेवर बसलेल्याचा रोग कदाचित कित्येक वर्षांपूर्वीच गेलेला असेल. झडलेली बोटे तेवढी परत आलेली नाहीत. परंतु औषधाइतक्या वेगाने मन बदलत नाही, आणि कायदाही नाही. निराधार कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख 2019 मध्ये वगळला गेला.

भीती घेणाऱ्याच्याही मनात असते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय बांधण्यापूर्वी गोंड बांधवांनाच विचारले, ते कसे असावे? मोठी इमारत, पांढरे कपडे आणि आप्तांपासून होणारी ताटातूट यांचे भय वाटते, असे लोकांनी सांगितले. डॉक्टरांनी ते अडाणीपण मानले नाही. शोधग्रामात गावातल्या घरांसारख्या कुटी उभ्या राहिल्या, दाराशी दंतेश्वरी मातेची स्थापना झाली, आणि रुग्णालयाला तिचेच नाव दिले गेले. आजारी माणूस आधी मातेला हात जोडतो, मग आत जातो. त्याच्या घरची माणसे त्याच्याजवळच राहतात.