सूत्रे कोणाच्या हाती?

आपण सारे देवाच्या हातातील कळसूत्री बाहुल्या, असे सांत्वनाला आलेली माणसे सहज बोलून जातात. ख्रिस्ती घरांतही हे वाक्य ऐकू येते. त्यात श्रद्धा किती आणि हताशपणा किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

तंजावर भागातील बोम्मलाट्टम या खेळातील बाहुली साडेचार फूट उंच व दहा किलो वजनाची असू शकते. तिच्या दोऱ्या खेळविणाऱ्याच्या मस्तकावरील लोखंडी कड्याला बांधलेल्या असतात. म्हणजे बाहुलीचे ओझे तोच डोक्यावर वाहतो! आपल्या त्या वाक्यात हे ओझे कोठेच येत नाही.

चेक कलावंत यिर्झी त्रन्का यांच्या बाहुलीपटांत बाहुली किंचित हालवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा आणि एक चित्र टिपावयाचे, अशी रीत होती. पडद्यावर हालविणारा हात दिसत नाही. १९६५ सालच्या ‘रुका’ (अर्थात ‘हात’) या त्यांच्या अखेरच्या, अठरा मिनिटांच्या चित्रपटात मात्र एक प्रचंड हात दिसतो. एक कुंभार आपल्या फुलझाडासाठी कुंडी घडवीत आहे. हात त्याला आज्ञा करतो, माझी मूर्ती घडव. कुंभार नाकारतो. मग आमिषे, धमक्या, सोन्याचा पिंजरा आणि अंगाला बांधलेल्या दोऱ्या. तो सुटून घरी येतो व मरतो. तोच हात त्याची थाटात अंत्ययात्रा काढतो. त्रन्का १९६९ साली वारल्यावर साम्यवादी राजवटीने या चित्रपटावर बंदी घातली.

तो हात स्वतःची प्रतिमा मागतो. आपला देव तर निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तीच करू नका म्हणतो. एवढ्यावर समाधान मानता आले असते. परंतु कुंभाराचा तो नकारही पडद्याआडच्या बोटांनीच घडविलेला होता! आपला नकारही तसाच असेल, तर न्यायाच्या दिवसाला अर्थ काय?

रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल हाच प्रश्न विचारणाऱ्याला कुंभार व मातीचा दाखला देऊन गप्प करतो. पण त्याच अध्यायाच्या आरंभी तो आपल्या लोकांसाठी व्याकूळ झालेला आहे. बाहुल्यांसाठी कोणी असे व्याकूळ होते काय? यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील ‘कुंभार’ हा इब्री शब्द आणि उत्पत्तीत देवाने मनुष्याला ‘घडविले’ हे क्रियापद एकाच धातूचे आहेत. मराठीत हे नाते झाकले जाते, याची भाषांतर करताना मला नेहमी हळहळ वाटते. आणि तेथेच लगेच सांगितले आहे, की राष्ट्र दुष्टाईपासून वळले तर देवही आपला बेत पालटील. ही माती स्वतः वळू शकते.

पुन्हा तंजावरकडे येतो. मिशनरी श्वार्ट्झ यांनी पोरक्या वयातील सरफोजी राजांचा सांभाळ व शिक्षण यांत पित्यासारखे लक्ष घातले. १७९८ साली श्वार्ट्झ वारले; त्याच वर्षी राजे गादीवर आले आणि १८३२ पर्यंत राज्य करून बाप्तिस्मा न घेताच गेले. ओरत्तनाडु येथे त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंना अन्न आणि मुलांना विद्या मिळावी हा हेतू. त्यात गुरूचा वाटा किती आणि भोसले घराण्याच्या छत्रे बांधण्याच्या रीतीचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. श्वार्ट्झ यांचे काम फसले, असे काही मिशनप्रेमी म्हणतील. मी म्हणणार नाही.

राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि राजांनी त्यांचा हात आपल्या हातात धरला आहे.