चेंडूला विटाळ नव्हता

पुणे जिमखान्यावर पालवणकर बाळू रोलर फिरवत, जाळी लावत आणि इंग्रज साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. १८७६ साली धारवाडला जन्मलेले, चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांची कीर्ती शहरात पसरली आणि साहेबांना हरवायला निघालेल्या हिंदू संघाने त्यांना बोलावले.

मैदानात सवर्ण खेळाडू बाळूंच्या हातचा चेंडू बिनदिक्कत झेलत. चहाची वेळ झाली की मात्र बाळू मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यासह! जेवणाचे पानही वेगळे.

विटाळ खरोखरच स्पर्शात असता, तर तो चेंडूलाही लागायला हवा होता. शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांनी जिंकण्यापुरता विटाळ बाजूला ठेवला, याचा अर्थ त्यांनाही तो अटळ वाटत नव्हता. मुळशीच्या गावजत्रांत लाल मातीवर कुस्त्या रंगतात. तिथे अंगाला अंग भिडल्याशिवाय खेळच होत नाही. क्रिकेटमध्ये माणूस दूर ठेवून त्याची कला तेवढी जवळ करता आली.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. पण १९२० साली चौरंगी स्पर्धेसाठी त्यांना संघातून वगळले, आणि धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधारपदाला लायक असूनही त्यांना डावलले. विठ्ठल आणि दुसरे भाऊ शिवराम यांनी संघातून माघार घेतली. तो स्वाभिमान आजही थक्क करतो. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

मग धर्म बदलला का? इथे अस्पृश्य समाजातले संत चोखोबा आठवतात. त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या ओठी शतकानुशतके राहिले, समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वारापाशी, मंदिराबाहेर. साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा, १९४७ मध्ये, अस्पृश्यांना ते दार उघडले. थोर भक्ताला मान आणि सामान्य भक्ताला बंद दार, ही सोय धर्माला सहज परवडते. बाळूंच्या वाट्यालाही तीच सोय आली. ज्याला शंभर बळी घेता येत नाहीत, त्याने पाण्याचा पेला कुणाकडे मागायचा? समता गुणवत्तेचे बक्षीस ठरली, की बक्षीस न मिळालेल्यांची अस्पृश्यता जणू रास्तच ठरते.

बाळूंचा विश्वास मात्र मनपरिवर्तनावर, गांधीजींच्या मार्गावर होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. याउलट डॉ. आंबेडकरांना हक्क हवे होते, कुणाच्या मर्जीवर न टेकलेले. १९३७ मध्ये मुंबईत प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांसमोर उभे केले. बाळू हरले, पण थोड्याच मतांनी; दोन्ही वाटांवर चालायला तयार असलेली माणसे त्या मतदारसंघात भरपूर होती.