दुसरा पेला

यात्रेचा दिवस जवळ आला की आपल्या घरांच्या ओटीवर पिशव्यांची रांग लागते. याद्या होतात, बाजाराच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक वस्तू पिशवीत जाताना घरातील कोणी ना कोणी तेच चार शब्द उच्चारते : 'असू दे, लागलंच तर!' या चार शब्दांपुढे कोणाचाही युक्तिवाद टिकत नाही. कारण निरुपयोगी वस्तू कोणी बांधतच नाही. छत्री उपयोगी असते, दुसरी छत्रीही उपयोगी असते. हवा भरायची उशी, प्रवासी इस्त्री, जादा चपला यांतील एकेक वस्तू वेगळी काढून तिची उलटतपासणी घ्या, ती निर्दोष सुटेल. तरीही सर्वांची मिळून जी मोट होते ती उचलताना खांदा कुरकुरतो आणि मनही. तेव्हा 'ही वस्तू उपयोगी आहे काय?' ही कसोटी अपुरी आहे हे उघड आहे. मग खरी कसोटी कोणती? प्रश्न सामानाचा दिसतो. परंतु थोडे खोल गेल्यास तो आपण इतरांशी कसे वागतो याचा, म्हणजेच नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १९९८ सालच्या ऑगस्टअखेर आम्ही घरची पाच माणसे नोव्हेनासाठी वेलंकनीला निघालो. वसईहून मुंबई, तेथून आगगाडीने चेन्नई आणि पुढे रात्रभर बस, असा तो प्रवास होता. पाच माणसांच्या सामानाचे नऊ डाग झाले. त्यांत खास या यात्रेसाठी घेतलेल्या चाकांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या, प्रत्येकाला जाडजूड टर्किश टॉवेल होता, नव्या कोऱ्या चपला होत्या. शयनयान वर्गाच्या प्रवाशाला रेल्वे ४० किलो सामान विनामूल्य नेऊ देते. आम्ही त्या मर्यादेच्या आत होतो आणि त्याचा आम्हांला अभिमानही होता. मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

चेन्नईच्या फलाटावर चाकांच्या बॅगा जिन्याशी येऊन थबकल्या. एका वयस्क हमालाने दोन बॅगा डोक्यावर आणि एक खांद्यावर घेतली. त्याच्या मजुरीवरून आम्ही बराच वेळ घासाघीस केली. त्या बॅगा विकत घेताना दुकानदाराशी आम्ही एका शब्दाने हुज्जत घातली नव्हती. त्या उचलणाऱ्याशी मात्र घातली. तेव्हा ती व्यवहारचतुराई वाटली. आज ती आठवण बोचते.

रात्री बस चिदंबरमच्या अलीकडे कोठेतरी असताना आमच्या वडिलांना दम्याचा झटका आला. दमा जुनाच होता आणि पंपही सोबत आणलेला होता. परंतु तो कोठे होता? आई म्हणाली, "तपकिरी बॅगेत." बहीण म्हणाली, "औषधांच्या डब्यात असेल." डबा कोणत्या बॅगेत, हे कोणालाच सांगता येईना. सर्व बॅगा बसच्या पोटातील कप्प्यात होत्या. कंडक्टरने बस थांबवली, कप्पा उघडला आणि रस्त्याच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात, आम्ही एकामागून एक बॅगा उपसू लागलो. इस्त्री सापडली, उशी सापडली, चपलांचे तीन जोड सापडले. पंप सहाव्या बॅगेत होता. फुटू नये म्हणून आम्हीच तो प्रेमाने टॉवेलात गुंडाळून अगदी तळाशी ठेवला होता.

त्या अवधीत वडिलांजवळ कोण होते? पलीकडच्या आसनावर एकटीच प्रवास करणारी एक तमिळ बाई होती. तिची भाषा आम्हांला येत नव्हती, आमची तिला कळत नव्हती. प्लास्टिकच्या रंगीत वायरीने विणलेली एक पिशवी, एवढेच तिचे सामान. तिने वडिलांना पुढे झुकवून बसवले, खिडकी उघडली आणि पिशवीतून थर्मास काढला. पिशवीत स्टीलचे दोन पेले होते. एक तिचा, वापरलेला; दुसरा घासूनपुसून उपडा ठेवलेला. त्या दुसऱ्या पेल्यात तिने गरम कॉफी ओतली आणि घोट घोट करून वडिलांना पाजली. कॉफीने श्वासनलिका किंचित सैल होतात, परंतु ते काही दम्याचे औषध नव्हे, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. तरीही पंप सापडेपर्यंतची ती मिनिटे वडिलांनी त्या पेल्याच्या आणि त्या बाईच्या आधाराने काढली, हे आम्ही कसे विसरावे?

सकाळी वेलंकनीला उतरल्यावर गर्दीत ती दिसेनाशी झाली. आमच्या मनात मात्र एक हिशेब सुरू झाला. आमच्या नऊ डागांत एकही वस्तू अशी नव्हती, जी घरच्या पाचांखेरीज अन्य कोणासाठी बांधली होती. आणि एकटीने प्रवास करणाऱ्या त्या बाईने दुसरा पेला कोणासाठी घेतला होता?

या अनुभवाने आम्ही शहाणे झालो, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. कमीत कमी सामान नेणे हाच सद्गुण, असे आम्ही ठरवून टाकले. २००६ साली धर्मग्रामातील एका गटाबरोबर पुन्हा वेलंकनीला गेलो. नागपट्टिणमपासूनचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर आम्ही पायी चाललो. पाठीवर एक लहानशी पिशवी, तीत एक जादा कपडा, एक पंचा आणि जपमाळ. वाटेत इतरांच्या फुगलेल्या पिशव्यांकडे पाहून आम्हांला मनातल्या मनात हसू येत होते. नोव्हेनाच्या दिवसांत मुक्कामाच्या जागा भरून गेलेल्या असतात. रात्र मंडपात काढावी लागली. मध्यरात्री पाऊस आला. आमच्याजवळ ना चादर होती, ना छत्री. गटातील एका मावशींनी न बोलता आपली चादर आमच्या अंगावर टाकली. पहाटे जाग आली तेव्हा मावशी लुगड्याचा पदर घट्ट लपेटून खांबाला टेकून बसलेल्या दिसल्या. रात्रभर त्या तशाच बसून होत्या. आमच्या हलकेपणाचे ओझे मावशींनी वाहिले होते.

तेव्हा कळले की सामान जास्त असण्यात जसा दोष असू शकतो, तसाच तो कमी असण्यातही असू शकतो. पहिल्या यात्रेत आमचे ओझे हमालाने वाहिले, दुसऱ्या यात्रेत मावशींनी. दोन्ही वेळी आम्ही फक्त स्वतःचाच विचार केला होता. एकदा स्वतःच्या सोयीचा, एकदा स्वतःच्या साधेपणाचा.

या प्रश्नाकडे शुभवर्तमान कसे पाहते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. प्रभू येशूने शिष्यांना प्रेषितकार्यासाठी पाठविताना सामानाविषयी सूचना दिल्या. परंतु त्या सर्वत्र एकसारख्या नोंदलेल्या नाहीत. संत मार्कच्या सहाव्या अध्यायात काठी आणि वहाणा यांना मुभा आहे. संत मत्तयच्या दहाव्या अध्यायात त्याही नकोत. संत लूकच्या नवव्या अध्यायातही काठीला मनाई आहे. दोन अंगरखे मात्र तिघांनाही नामंजूर आहेत. पुढे, लूकच्याच बाविसाव्या अध्यायात, अखेरच्या भोजनप्रसंगी प्रभू शिष्यांना त्या रिकाम्या हातांच्या प्रवासाची आठवण देतो, तुम्हांला काही उणे पडले काय असे विचारतो, आणि आता मात्र ज्याच्याजवळ थैली असेल त्याने ती घ्यावी असे सांगतो. म्हणजे सर्व काळांना आणि सर्व वाटांना लागू पडेल अशी एकच यादी प्रभूनेही दिलेली नाही. शिष्यांना काही उणे पडले नाही, कारण गावोगावच्या घरांनी त्यांना जेवू घातले. त्यांचा हलकेपणा त्या घरांच्या फडताळांवर उभा होता; बदल्यात शिष्यांनी त्या घरांना शांती दिली, रोग्यांची सेवा केली. घेणे होते तसे देणेही होते. आमच्या २००६ च्या पिशवीत घेण्याची सोय होती, देण्याची नव्हती.

मध्ययुगात स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेला निघणाऱ्यांची काठी आणि झोळी यांना आशीर्वाद देण्याची प्रथा होती. बाराव्या शतकातील 'कोडेक्स कॅलिक्स्तिनुस' या ग्रंथात यात्रेकरूंसाठी एक प्रवचन आहे, त्यात या झोळीचा अर्थ उलगडला आहे. झोळी अरुंद असावी, कारण परमेश्वरावर भरवसा ठेवणारा फार साठा करीत नाही. आणि तिचे तोंड बांधलेले नसावे, ते सदैव उघडे असावे, कारण यात्रेकरू देण्यास आणि घेण्यास तयार असला पाहिजे. आमच्या दोन यात्रांचे उत्तर आम्हांला या झोळीत सापडले. आमच्या नऊ बॅगा अरुंद नव्हत्या आणि त्यांची तोंडे कुलूपबंद होती. दुसऱ्या खेपेची पिशवी अरुंद होती, परंतु तिच्यातून कोणाला देण्यासारखे काही निघत नव्हते. त्या तमिळ बाईची वायरची पिशवी मात्र अरुंदही होती आणि उघडीही.

आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचेच उदाहरण घ्या. ते ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. राजाच्या वतीने देऊ केलेली बहुतेक सामग्री त्यांनी नाकारली. काही पुस्तके आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील थंडीसाठी जाड कापडाचे वस्त्र एवढेच स्वीकारले, असे चरित्रकार सांगतात. सेवकही नाकारला, आपले कपडे आपण धुवावेत यात त्यांना कमीपणा वाटला नाही. जहाजावर त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. उबदार वस्त्र घेण्यात त्यांनी संकोच केला नाही, हेही ध्यानात घ्यावे. थंडीने कुडकुडणारा माणूस इतरांची शुश्रूषा काय करणार?

मग आपण काय घ्यावे, काय बांधावे? आमच्या घरी आता काही रीती रुळल्या आहेत. ज्यावाचून जीव धोक्यात येईल ती वस्तू, म्हणजे औषध आणि त्याची चिठ्ठी, बॅगेत न ठेवता अंगावर किंवा हातपिशवीत ठेवायची आणि ती कोठे आहे हे सर्वांना सांगायचे. पैसे खर्चायचे तर पायताणावर. मात्र ते निदान महिनाभर आधी घेऊन वापरायचे, कारण नव्या वहाणेचा फोड भक्तीने बरा होत नाही. बॅग घेताना ती रिकामी असताना उचलून पाहायची. मोठ्या कडक बॅगेचे स्वतःचेच वजन चार किलोच्या आसपास असते. टर्किश टॉवेलाऐवजी पंचा न्यायचा. तो तासाभरात वाळतो. आपल्या आजोबांच्या फिरकीच्या तांब्याला आणि पंचाला जे कळत होते ते आम्हांला दुकानांत फिरून कळले. सांतियागोची वाट चालणारे आजही एक ठोकताळा पाळतात : पाठीवरील ओझे आपल्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे. साठ किलोच्या माणसाने सहा किलो. जे आपल्याला स्वतः उचलून जिना चढता येत नाही ते न्यायचे असेल, तर हमालाची मजुरी प्रवासखर्चात आधीच धरायची आणि त्याच्याशी घासाघीस करायची नाही.

आणखी एक विचार धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवावासा वाटतो. मोठी बॅग वर्षातील साडेतीनशे दिवस माळ्यावर धूळ खात पडते. मग एकाच आळीतील प्रत्येक घराने ती वेगवेगळी विकत का घ्यावी? मागायला आपल्याला लाज वाटते आणि त्या लाजेची किंमत आपण दुकानात मोजतो. आज घरबसल्या मागवलेली वस्तू एक-दोन दिवसांत दारात येते, त्यामुळे शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचे कारणच उरलेले नाही. एखादी वस्तू उसनी मागणे हाही झोळीचे तोंड उघडे ठेवण्याचाच एक प्रकार आहे.

त्या रात्रीविषयी वडील कधी फारसे बोलले नाहीत. त्यानंतर पंप मात्र नेहमी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. २०११ साली ते देवाघरी गेले. त्यांची प्रवासाची पिशवी आवरताना आत एक पंचा, जपमाळ, एक जादा सदरा आणि स्टीलचे दोन पेले निघाले. एक रोजच्या वापराने काळवंडलेला होता; दुसरा चकचकीत, उपडा ठेवलेला. ते दोन्ही पेले आजही आमच्या सामानात असतात, आणि यादी करताना आम्ही दुसऱ्याचे नाव आधी लिहितो.