वाळत घातलेले प्रदर्शन

घटस्थापना तोंडावर आली की खानदेशात घरोघरची अंथरुणे-पांघरुणे बाहेर निघतात. देवी बसायच्या आत सगळे धुऊन झाले पाहिजे. तापीकाठी, गोमाईकाठी, जिथे पाणी असेल तिथे गोधड्या आपटल्या जातात. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून ती उलटसुलट पिळतात आणि खडकावर, कुंपणावर, उभ्या ट्रॉलीच्या फाळक्यावर पसरून देतात. नंदुरबार जिल्ह्यातले हे सर्वांत मोठे वस्त्रप्रदर्शन. त्याला उद्घाटक नसतो, आणि ऊन उतरले की ते आवरले जाते.

त्यातली एखादी जवळ जाऊन पाहावी. मधोमध विटलेल्या लाल लुगड्याचा पट्टा; डावीकडे शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, उजवीकडे तेवढाच निळा हवा म्हणून कुठल्याशा परकराचा. एका कोपऱ्यात मात्र पिवळा चौकोन एकटाच आणि तिरपा. कापड पुरले नाही म्हणून तो तिरपा लागला असेल असे वाटते, पण शेजारीच सरळ बसू शकेल एवढा तुकडा दुमडून शिवलेला दिसतो. म्हणजे तिरपेपणा मुद्दाम आहे. उलट बाजूला निवडणुकीतले उपरणे अस्तर म्हणून लागलेले असते. पक्षाचे चिन्ह धावदोऱ्याखाली निमूट झोपलेले. ही थट्टाही शिवणारीला कळत नसेल असे मानायचे कारण नाही.

मराठीत गोधडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुतेक लिखाण एकाच शब्दावर येऊन थांबते: ऊब. आईची ऊब, आजीच्या लुगड्याचा वास, मायेचा टाका. हे खोटे नाही. पण या कौतुकात शिवणाऱ्या बाईची नजर कुठे दिसत नाही. पिवळा तिरपा का लावला, टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावर ठेवून कडेकडून मध्याकडे का नेल्या, हे कोणी विचारत नाही. माया केली म्हटले की रचना केली म्हणायची गरज उरत नाही. चित्रकाराच्या चित्राबद्दल बोलताना त्याच्या मायाळूपणापासून कोणी सुरुवात करत नाही.

भाषाही या बाईच्या बाजूने नाही. चिंधी हा तिचा कच्चा माल, आणि तोच मराठीतला अपमान. नकोशी झालेली मुलगी म्हणून सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी हाक मारली जाई ती याच शब्दाने. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत ते आदराने, पण तो आदर त्यांच्या विरक्तीचा होता. त्यांच्या अंगावरच्या ठिगळांकडे शिवणकाम म्हणून कोण बघणार?

गोधडी उबेपासून सोडवून भिंतीवर टांगली की काय दिसते, याचा एक प्रयोग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात 1971 मध्ये झाला. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकी गोधड्या पांढऱ्या भिंतींवर अमूर्त चित्रांसारख्या लावल्या गेल्या. पाहणारे थक्क झाले. पण दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी यांनी आपल्या लेखात खडा सवाल केला: या कलेला स्वतःचा बायकांचा इतिहास असताना तिला आधुनिक चित्रकलेच्या मापाने का मोजायचे? पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या लागल्या, त्या मात्र करणारणींच्या नावांनिशी. त्यातल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचेच कामाचे कपडे जोडून गोधडी केली होती. विटलेला निळा रंग तिच्यात तसाच आहे. कापसाच्या शेतात राबून झिजलेले ते कापड शहाद्याच्या कापूस-पट्ट्यातल्या माणसाला परके वाटू नये. 2006 मध्ये या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. 2007 मध्ये गावातल्या काही जणी पैसे आणि हक्क यांच्या वादात न्यायालयात गेल्या. नाव मिळाले तरी हिशेब वेगळा मागावा लागतो.

अगदी लांब जायला नको. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका ज्या गोधड्या करतात, त्यांना कवंदी म्हणतात. चारही कोपऱ्यांत तुकड्यांची त्रिकोणी घडी बसते, तिला त्या फूल म्हणतात. फूल नसेल तर कवंदी उघडी. थंडीला या फुलाचा काडीचा उपयोग नाही. तरी त्यावाचून काम पुरे होत नाही, इतकी या कामात गमतीची सक्ती आहे.

शहरांतल्या हल्लीच्या कलात्मक गोधड्यांत मांजरे असतात, छत्र्या असतात, उडते मासेही असतात, आणि त्यासाठी नवे कोरे कापड विकत आणून त्याचे तुकडे केले जातात. यात हसण्यासारखे थोडे आहे, हिणवण्यासारखे नाही. फरक एवढाच, की तिथे खेळायला मोकळीक आधी मिळते. पाड्यावरच्या बाईला तीच मोकळीक उरलेल्या कापडातून काढावी लागते, तीही ऊसतोडीला गुजरातेत जायची गाडी यायच्या आत. त्या गाडीत भांड्यांबरोबर गोधडीचे गाठोडे चढते. आणि आता गोधडीच्या जागी झुळझुळीत मिंकचे ब्लँकेट येऊ लागले आहे. त्याला दोष कसा द्यायचा? सुती लुगडीच घरात उरली नाहीत, आणि पॉलिएस्टरवर टाका सरकतो.

तरीही जिल्ह्यात गोधड्यांचे खरे प्रदर्शन भरवायचे ठरले, तर जागा सारंगखेड्याची. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, दिवस थंडीचे असतात आणि पारख करणारी माणसे आयती जमलेली असतात. दात बघून घोड्याचे वय सांगणाऱ्यांच्या शेजारी, उसवलेला कोपरा चिमटीत धरून थर मोजणाऱ्या बायका बसाव्यात. गोधड्या दोरीवर टांगाव्यात, म्हणजे उपरण्याची बाजूही दिसेल. खाली शिवणारीचे नाव आणि गाव लिहावे, विकायची असेल तर किंमतही तिनेच सांगावी. दिवस मावळताना मात्र दोऱ्या रिकाम्या कराव्या लागतील. त्या दिवसांत सातपुड्यात डाबच्या बाजूला दवबिंदू गोठतात, आणि टांगलेल्या गोधड्या शिवणाऱ्या बऱ्याच जणींच्या घरी पांघरायला तेवढ्याच असतात.