अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडलेलं पत्र

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) एलिझाबेथ बेनेटचं मन डार्सीकडे कधी वळतं? पुष्कळ जण पेम्बर्लीचं नाव घेतील. डर्बिशरमधला डार्सीचा तो देखणा वाडा, धन्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखणारी आणि त्याच्याबद्दल भरभरून बोलणारी मिसेस रेनॉल्ड्स, दालनातली त्याची तसबीर. मला मात्र ते वळण त्याआधीच, केंटमधल्या एका रस्त्यावर दिसतं.

आदल्या संध्याकाळी तिने डार्सीच्या लग्नाच्या मागणीला साफ नकार दिलेला. सकाळी तो तिच्या हाती पत्र देऊन निघून जातो. ती रागातच वाचते, सगळं खोटं ठरवते, घडी घालते. अर्ध्या मिनिटात तीच घडी पुन्हा उघडते. डार्सीने आपल्यावर अन्याय केला असं तिला सांगणाऱ्या विकहॅमने पाद्रीपदावरचा हक्क सोडून त्याबदल्यात तीन हजार पौंड घेतले होते, हे त्यात लिहिलेलं असतं. खरं-खोटं करायला डार्सीने साक्षीदाराचं नावही दिलेलं आहे. ती त्याच्याकडे जात नाही. स्वतःची आठवण तपासू लागते. विकहॅमने पहिल्या ओळखीतच एवढं खासगी गाऱ्हाणं का सांगितलं? डार्सीला घाबरत नाही म्हणणारा हा माणूस नेदरफिल्डच्या नाचाला का आला नाही? हे सारं तिने पाहिलं होतं, ऐकलं होतं. गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवताना त्यातलं काहीच तिला खटकलं नव्हतं.

मला फार मोलाचं वाटतं ते हे, की एवढं उमगूनही ती लगेच प्रेमात पडत नाही. डार्सीबद्दल आदर वाटतो, पण दिलेल्या नकाराचा पश्चात्ताप क्षणभरही होत नाही. आपण चुकलो म्हणजे समोरचा सर्वस्वी बरोबर, असा हिशेब ती करत नाही. जिव्हाळा पुढे सावकाश येतो. आणि हाच आपला जोडीदार होऊ शकला असता, हे तिला कळतं ते धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून गेल्यावर, सगळं हातचं गेलंसं वाटत असताना.

शेवटी ती लग्नाला तयार होते, तेव्हा वडील चक्रावतात. हा माणूस तर तुला कधीच आवडला नाही ना, असं विचारतात. पूर्वी त्याच्याविषयी इतकं तोडून बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटतं. डोळ्यांत पाणी आणून तिला सांगावं लागतं, की तो तिला खरंच आवडतो.