आत कोणी आहे का?



परळचे केईएम रुग्णालय शिवडीकरांना परके नाही. तिथेच अरुणा शानबाग ही परिचारिका जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका कामगाराने हल्ला करून कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधल्या सगळ्या काळात लोक एकच प्रश्न विचारत राहिले : आत कोणी आहे का?

परिचारिका म्हणत, आहे. मासळीचे जेवण त्यांना आवडते, नावडते झाले की त्या आवाज करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या तीन डॉक्टरांना मात्र कायमच्या अचेतन अवस्थेची बहुतेक लक्षणे त्यांच्यात दिसली. माया करणाऱ्याला नसलेलेही दिसू शकते, हे आपण मान्य करायला हवे. पण खाटेशी उभे राहून तपासणाऱ्याला असलेलेही दिसत नाही, हे आता विज्ञानच सांगू लागले आहे.

माठ घेताना आपण त्याला टिचकी मारून पाहतो. नादावरून तो पक्का की फुटका ते कळते. मेंदूलाही अशी टिचकी मारता येते. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर यांच्या गटाने तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र चुंबकीय लहर सोडली आणि कवटी न उघडता मेंदू चेतवून दाखवला. पुढे नैराश्यावरील उपचार म्हणून अमेरिकेने २००८ मध्ये या तंत्राला परवानगी दिली, आणि २०२२ मध्ये मेंदूचे चित्र काढून लहर नेमकी कुठे द्यायची ते ठरवणाऱ्या पद्धतीलाही. मिलानचे मार्चेल्लो मासिमिनी आणि त्यांचे सहकारी यांनी याच जोडीचा वेगळा उपयोग केला. एमआरआयच्या चित्रावरून जागा हेरायची, तिथे चुंबकाची टिचकी मारायची आणि डोक्यावर लावलेल्या ईईजीच्या तारांनी तिचा प्रतिध्वनी किती दूर, किती गुंतागुंतीने पसरतो ते ऐकायचे. त्यावरून ० ते १ मधला एक आकडा निघतो. ही रीत २०१३ साली प्रसिद्ध झाली. जागा माणूस ०.३१ च्या वर असतो. गाढ झोपेत किंवा भुलीखाली आकडा त्याच्या खाली उतरतो. २०१६ च्या अभ्यासात अचेतन ठरवलेल्या ४३ रुग्णांपैकी ९ जणांचा आकडा वर आला. २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात चुंबक नव्हता. सांगितलेली हालचाल मनात करायला लावून एमआरआय किंवा ईईजीने पाहिले, तेव्हा हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकी ६० जणांच्या मेंदूने प्रतिसाद दिला.

खाटेशी उभे राहून आपण कायकाय बोलतो, जमिनीच्या वाटणीपासून ‘सुटला तर बरा’ इथपर्यंत, ते आठवून पाहावे.

तेव्हा असे संशोधन व्हावे, याबद्दल आम्हांला शंका नाही. शंका आहे ती आकडा खाली आला तर काय, याची. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने व्यक्ती म्हणजे स्वतःची जाणीव असलेला जीव, असे मांडले. ते खरे असेल तर हे यंत्र व्यक्तीच मोजते, आणि आकडा खाली आला की समोर व्यक्ती उरत नाही. त्याच्या हजारएक वर्षे आधी बोएथियसने वेगळे म्हटले होते : विवेकशील स्वभाव ज्याचा आहे, ती व्यक्ती, तो विवेक या क्षणी चालू असो वा नसो. मग यंत्र मोजते ते व्यक्तीचे एक कार्य. आम्हांला बोएथियस पटतो. आपण रोज रात्री ०.३१ च्या खाली जातो आणि म्हणून कोणी आपल्याला वस्तू समजत नाही.

यावर कोणी म्हणेल, झोपलेला माणूस सकाळी उठतो. बरोबर. पण मग आपण मान देतो तो त्याच्या उठण्याला, त्याला नव्हे. केईएमच्या परिचारिकांना तशी आशा कितपत होती? १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी महापालिकेने अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. मेंदूचा दाखला त्यांनी मागितला नव्हता.

उलट बाजूही हलकी नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी न्यायालयात मागितले ते कंटाळून नव्हे. असे जगणे हीच त्या स्त्रीची विटंबना आहे, असे त्यांना वाटत होते. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी ती मागणी फेटाळली, पण कडक अटींवर जीव टिकवणारे उपचार थांबवण्याची वाट खुली केली. २०१८ मध्ये त्यासंबंधीच्या इच्छापत्रालाही मान्यता दिली. ख्रिस्तसभाही रुग्णाला न सोसणारे, निष्फळ उपचार लांबवा असे सांगत नाही. मात्र २००७ साली रोमने स्पष्ट केले की, अचेतन रुग्णालाही, शरीर ते स्वीकारत असेल तोवर, नळीने का होईना, अन्नपाणी देणे तत्त्वतः बंधनकारक आहे.

ज्या घरावर असा निर्णय घेण्याची वेळ येईल, त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. रुग्णाला काय कळते? आणि हा उपचार त्याला सोसतो का, त्याच्या उपयोगाचा आहे का? पहिल्यासाठी लागणारी ही चाचणी अजून मोजक्या संशोधन केंद्रांतच होते. दुसरा प्रश्न केईएमच्या कोणत्याही वॉर्डात आजही विचारता येतो.